जॉन केजची पियानो मैफल: बोल्ट, रबर आणि पंचेचाळीस स्वरांची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संगीत विभागात जॉन केज या अमेरिकन संगीतकाराच्या पियानो रचनांची एक संध्याकाळ ठरते आहे. ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ (सोळा छोट्या सोनाटा आणि त्यांच्यामधली चार इंटरल्यूड्स) हा मुख्य भाग. वादक तयारीचा आहे, पण ‘प्रीपेअर्ड’, म्हणजे तारांमध्ये बोल्ट, रबर अशा वस्तू बसवून तयार केलेला पियानो त्याने कधी वाजवलेला नाही. सभागृहाची माणसं पियानोत बोल्ट घालायला घाबरताहेत. आयोजनाची जबाबदारी घेतलेल्या मराठी विद्यार्थिनीने विचारलंय की सुरुवात कुठून करायची, पियानो किती लागतील आणि कार्यक्रमाचा क्रम कसा लावायचा.

आधी पियानोंची संख्या ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. केजच्या प्रत्येक प्रीपेअर्ड रचनेची तयारी वेगळी असते. ‘बॅकानाल’मध्ये १२ स्वरांच्या तारांत वस्तू बसवायच्या असतात, ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये ४५. एका रचनेसाठी तयार केलेल्या पियानोवर दुसरी वाजत नाही, आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत ४५ स्वरांची तयारी होत नाही. सवयीच्या हातालाही दोन ते तीन तास लागतात. म्हणून दोन ग्रँड पियानो मिळत असतील तर एक साधा ठेवा आणि एक तयार करा. एकच मिळत असेल तर मैफल फक्त ‘सोनाटाज’ची करा. ती सुमारे ६५ ते ७० मिनिटं चालते आणि एका संध्याकाळीला पुरून उरते. ‘थोडं हे, थोडं ते’ करण्याच्या हौसेपायी अर्धवट तयारीचा पियानो मंचावर येतो, आणि मग लोकांना वाटतं की केज म्हणजे नुसती खडखड.

उभा म्हणजे अपराइट पियानो या कामाला चालत नाही. त्यात तारा उभ्या असतात, त्यामुळे वस्तू घसरतात, हे एक कारण. त्याहून मोठं कारण डाव्या पेडलचं आहे. ग्रँड पियानोत डावं पेडल दाबलं की हॅमरची, म्हणजे तारांवर आपटणाऱ्या लहान हातोड्यांची, सगळी यंत्रणा किंचित उजवीकडे सरकते आणि एका स्वराच्या तीन तारांपैकी डावीकडची तार सुटते, उरलेल्या दोनच वाजतात. अपराइटमध्ये हॅमर फक्त तारांच्या जवळ येतात आणि आवाज कमी होतो. केजने या सरकण्याचा वापर रंग बदलण्यासाठी केला आहे. समजा एका स्वराच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये बोल्ट आहे. पेडल न दाबता वाजवलं तर मोकळ्या पहिल्या तारेचा नेहमीचा सूर आणि बोल्टचा घंटेसारखा नाद असे दोन्ही एकत्र येतात. पेडल दाबलं की नेहमीचा सूर नाहीसा होतो आणि एकटी घंटा उरते. आता चुकून तोच बोल्ट पहिल्या आणि दुसऱ्या तारेमध्ये बसला, तर पेडल दाबल्यावरही तिसरी तार मोकळी वाजत राहते, आणि जिथे सूर गायब व्हायला हवा तिथे तो लख्ख ऐकू येतो. श्रोत्याला चूक कळणार नाही, पण रचनेतला तो उजेड-अंधाराचा खेळ गेला.

यासाठी तयारीच्या आदल्या दिवशीच ट्यूनरला डावं पेडल तपासायला सांगा. यंत्रणा कमी सरकत असेल तर हॅमर पहिल्या तारेला निसटता लागतोच. ती हद्द ठरवणारा एक स्क्रू असतो, ट्यूनर तो पाच मिनिटांत नीट करतो. हे काम बोल्ट बसवण्याआधीच होऊ द्या.

आता सभागृहाची भीती. ती अनाठायी नाही. ग्रँड पियानोत साधारण २३० तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १८-२० टनांच्या घरात जातो. पण नीट केलेल्या तयारीने पियानो बिघडत नाही. बिघाड होतो तो चार गोष्टींनी: बोल्ट जबरदस्तीने ठोकल्यामुळे, तांब्याची तार गुंडाळलेल्या खर्जाच्या तारांत धारदार आट्यांचा स्क्रू घातल्यामुळे, उघड्या हाताच्या घामाने तारा गंजल्यामुळे आणि डॅम्पर, म्हणजे तारेचा आवाज थांबवणाऱ्या मऊ गाद्या, वाकल्यामुळे. सभागृहाला लेखी कळवा की तयारी ट्यूनरच्या उपस्थितीत होईल, वस्तू मोजून घातल्या आणि मोजून काढल्या जातील, आणि कार्यक्रमानंतरच्या ट्यूनिंगचा खर्च आयोजक देतील. असं ठोस पत्र गेलं की बहुतेक ठिकाणी होकार येतो.

केजला ही कल्पना कशी सुचली ते कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींत जरूर द्या, कारण ती गरजेतून निघाली. १९४० साली सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये सिव्हिला फोर्ट या नर्तकीच्या नृत्यासाठी त्याला संगीत हवं होतं. तालवाद्यांचा ताफा त्या रंगमंचावर मावत नव्हता, जागा होती फक्त एका पियानोला. त्याने तारांवर पत्र्याची ताटली ठेवून पाहिली, ती उड्या मारायला लागली. खिळे घालून पाहिले, ते घसरले. मग आट्यांचे स्क्रू आणि बोल्ट घातले, ते टिकले. एका वादकाच्या दहा बोटांखाली अख्खा तालवाद्यवृंद आला. त्याचे गुरू हेन्री कॉवेल पियानोच्या तारा थेट हाताने छेडत, घासत असत. ते केजने पाहिलं होतंच.

हे घडतं कसं हे वादकाला माहीत असलेलं बरं. ताणलेल्या तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणारे वरचे सूर, मूळ सुराच्या जवळजवळ पूर्ण पटींत असतात, म्हणून आपल्याला एकच स्वच्छ सूर ऐकू येतो. तारेच्या मध्ये कुठेतरी बोल्टचं वजन आलं की तारेचे दोन तुकडे झाल्यासारखे होतात. दोन्ही आपापल्या परीने थरथरतात आणि उपस्वरांचं ते नातं मोडतं. त्यातून घंटा, थाळी, गाँग यांच्या जातीचा आवाज निघतो. तबल्याच्या शाईचं काम बरोबर उलट आहे: साध्या कातड्याचे उपस्वर विस्कळीत असतात, शाईचं वजन त्यांना पटीत आणतं आणि म्हणून तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी त्यावर काम केलं आहे. रबर वजनापेक्षा जास्त काम कंपन शोषून घेण्याचं करतं, म्हणून रबराचे स्वर तुटक, कोरडे, ढोलकाच्या अंगाने जातात. आणि बोल्टवर सैल नट असेल तर तो दर फटक्याला थरथरतो आणि खंजिरीसारखा खुळखुळाट येतो.

‘सोनाटाज’च्या छापील प्रतीत सुरुवातीला एक तक्ता आहे. प्रत्येक स्वरासमोर वस्तू कोणती, ती कोणत्या तारांच्या मध्ये घालायची (तारा डावीकडून मोजायच्या) आणि डॅम्परपासून किती इंचांवर, हे दिलेलं आहे. अंतर डॅम्परच्या पलीकडे, घोडीच्या दिशेने मोजायचं. वस्तू आहेत स्क्रू, बोल्ट, नट, रबर, प्लॅस्टिक आणि एक खोडरबर. काही स्वरांना एकाहून जास्त वस्तू आहेत. ही आकडेवारी एका विशिष्ट पियानोवर, प्रयोग करत करत ठरलेली आहे. तुमच्या पियानोची लांबी वेगळी असेल तर तारांची लांबीही वेगळी, आणि तेच इंच तारेवरच्या वेगळ्या बिंदूवर पडतात. शिवाय काही पियानोंत लोखंडी चौकटीची दांडी नेमकी त्या जागेवर येते, किंवा मधल्या तारांच्या वरून तिरप्या जाणाऱ्या खर्जाच्या तारा उंच बोल्टला अडतात.

अशा वेळी पट्टीने मोजून हट्ट धरू नका. तक्त्यातला आकडा ही सुरुवात समजा, शेवटचा शब्द कानाचा. स्वतः केजने या वस्तूंची निवड समुद्रकिनाऱ्यावर शिंपले वेचावेत तशी केल्याचं म्हटलं आहे. मात्र ‘कानाचा शब्द’ म्हणजे ‘काहीही चालेल’ नव्हे. वस्तूचा प्रकार आणि तारांचा क्रमांक बदलू नका. अंतरात सैलपणा घ्या. आणि एक कसोटी लावा: शेजारशेजारचे स्वर एका सुरावटीत ओळीने वाजवले तर त्यांचं वजन एकमेकांशी जुळतं का? एखादा बोल्ट बाकीच्यांपेक्षा दुप्पट गाजत असेल तर तो थोडा सरकवा किंवा हलका घ्या.

सामानाची खरेदी निवांत, महिनाभर आधी करा. हार्डवेअरच्या दुकानातून वेगवेगळ्या जाडीचे आणि लांबीचे बोल्ट, स्क्रू आणि त्यांना सैल बसणारे नट घ्या. तक्त्याला लागतात त्यापेक्षा निम्मे जास्तच. तारांमधली फट पियानोगणिक आणि सप्तकागणिक बदलते, म्हणून एकच माप पुरत नाही. बोल्ट बसल्यावर तारा अगदी किंचित दूर व्हाव्यात. बोल्ट डुलत असेल तर बारीक आहे, दाबावा लागत असेल तर जाड आहे. लांबीही बघा. बोल्टचं टोक खाली साउंडबोर्डला, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीला, टेकलं तर सतत करकर ऐकू येते आणि लाकडावर ओरखडा उमटतो. नव्या बोल्टांना कारखान्यातलं तेल असतं. ते स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर तेल तारेला लागून आवाज मंद होतो. रबरासाठी दोन-तीन जाडींच्या शीट आणून तुकडे कापा. जुनं, कडक झालेलं रबर वापरू नका, ते तारेवर काळा चिकट थर सोडतं.

प्रत्यक्ष बसवण्याची पद्धत सांगते. दोन माणसं हवीत, एक पट्ट्यांपाशी आणि एक वाकून तारांपाशी. पियानो आधी ट्यून केलेला असला पाहिजे, कारण वस्तू बसल्यावर ट्यूनिंग करता येत नाही. पहिला माणूस तक्त्यातला स्वर दाबतो, त्या स्वराचा डॅम्पर वर उचलला जातो, म्हणजे नेमक्या तारा कोणत्या ते कळतं. खुणेसाठी तारांवर शाई किंवा चिकटपट्टी नको. मग उजवं पेडल पूर्ण दाबून धरायचं, म्हणजे सगळे डॅम्पर वर राहतात आणि हात लागून वाकत नाहीत. सुती हातमोजे घातलेला दुसरा माणूस लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चपटी पाचर दोन तारांमध्ये घालून हलकेच वळवतो. फट रुंदावली की बोल्ट वरून सोडायचा आणि पाचर काढून घ्यायची. तारांच्या ताणाने बोल्ट आपोआप धरला जातो. स्क्रू कधीही तारांमध्ये पिळत आत घालू नका, आट्या तारेवर करवतीसारख्या चालतात. अंतर मोजायला धातूची नव्हे, कागदाची पट्टी घ्या आणि तिच्यावर आधीच खुणा करून ठेवा. रबराचा तुकडा तीन तारांतून विणावा लागतो: पहिलीच्या खालून, दुसरीच्या वरून, तिसरीच्या खालून, किंवा याच्या उलट, तक्ता सांगेल तसं. तो चिमट्याने ओढून घ्यावा लागतो. इथे घाई केली की रबर एका बाजूला जाड बसतं आणि स्वर बोदा होतो.

आधी सगळं रबर, मग लहान स्क्रू, सर्वांत शेवटी उंच बोल्ट, असा क्रम ठेवा. उंच बोल्ट आधी बसले की त्यांच्या गर्दीत हात जात नाही. खर्जाकडे जितके जाल तितका हात हलका ठेवा. तांबं गुंडाळलेल्या तारेत काही घालायचंच असेल तर गुळगुळीत वस्तू घ्या. प्रत्येक स्वर झाला की पेडल न दाबता, डावं पेडल दाबून, हळू आणि जोरात असा चार प्रकारे वाजवून पाहा. सगळं बसल्यावर वरून फोटो काढा आणि वस्तूंची मोजदाद कागदावर लिहा. नंतर काढलेल्या वस्तू खणांच्या डबीत, खणावर स्वराचं नाव लिहून ठेवा. पुढच्या वेळी निम्मा वेळ वाचतो.

कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला असेल तर ट्यूनर सकाळी नऊला, तयारी अकरा ते दोन, वादकाचा सराव अडीच ते साडेचार, आणि मग पियानोला कुलूप. त्या दिवशी दुसरा कुठलाही वर्ग त्या सभागृहात नको. उत्सुकतेने बोल्टला बोट लावून पाहणारे फार असतात. मंचावर हवा ४०-५० टक्के आर्द्रतेची राहील असं बघा. प्रखर दिवे तासभर आधी लावून ठेवा, म्हणजे तारा तापून उतरायच्या त्या आधीच उतरतील.

वादकाने तयार पियानोवर कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदाच बसू नये. डोळ्यांना जे दिसतं आणि कानांना जे ऐकू येतं त्याचं नातं इथे तुटलेलं असतं. छापील स्वर वर चढतो आणि आवाज खाली उतरतो. साध्या पियानोवर महिनोन्‌महिने सराव केलेल्या वादकालाही याने पहिल्या दिवशी ठेचा लागतात. किमान आठवडाभर तयार पियानो मिळेल अशी व्यवस्था करा, मग तो जुना, कोपऱ्यात पडलेला ग्रँड का असेना. दुसरी सवय मोडायची ती जोराची. रबराच्या स्वरावर दणका दिला तरी आवाज फारसा वाढत नाही, उलट बोल्ट इंचभर सरकतात आणि नट निखळतात. साउंडबोर्डवर पडलेला एक नट उरलेली मैफल गुणगुणत राहतो. लांब दांड्याचं लोहचुंबक विंगेत ठेवा, मात्र पितळेचा नट त्याला चिकटत नाही. म्हणून नट पोलादीच घ्या.

सोनाटांमधल्या पुनरावृत्ती गाळू नका. वेळ वाचवायला हा मोह होतो. बहुतेक सोनाटा दोन भागांच्या आहेत आणि दोन्ही भाग दोनदा वाजवायचे आहेत. केजने प्रत्येक तुकड्याची लांबी एका प्रमाणावर बांधली आहे आणि संपूर्ण सोनाटाची रचनाही त्याच प्रमाणावर. पुनरावृत्ती त्या हिशेबात धरलेली आहे. ती गाळली की इमारतीचा एक मजलाच काढून घेतल्यासारखं होतं. क्रमही तोच ठेवा: चार सोनाटा, पहिलं इंटरल्यूड, चार सोनाटा, मग दुसरं आणि तिसरं इंटरल्यूड लागोपाठ, चार सोनाटा, चौथं इंटरल्यूड आणि शेवटच्या चार सोनाटा. चौदावी आणि पंधरावी ही ‘जेमिनी’ नावाची जोडी आहे. त्यांच्यामध्ये टाळ्या पडू नयेत म्हणून वादकाने हात पट्ट्यांवरच ठेवावेत.

आता भारताशी असलेला धागा. मराठी वाचकाला तो भावेल, पण जपून वापरा. १९४६-४८ या काळात ही रचना होत असताना केज कलातत्त्वज्ञ आनंद कुमारस्वामींचं लेखन वाचत होता, आणि भारतीय परंपरेतले रस, म्हणजे आठ स्थायी भाव आणि त्यांचं शांत रसाकडे जाणं, व्यक्त करायचा त्याचा प्रयत्न होता. त्याच सुमाराला अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कमध्ये होत्या. त्या त्याच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्यांनी त्याला भारतीय संगीत समजावलं. संगीताचा हेतू काय, या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि निर्मळ करावं, म्हणजे ते दैवी प्रभावाला खुलं होतं. केजने ते आयुष्यभर उद्धृत केलं. ‘श्रीरामकृष्ण वचनामृता’चं इंग्रजी भाषांतरही त्यांनीच त्याला दिलं. हे सगळं पत्रिकेत यायलाच हवं. पण कुठली सोनाटा कुठल्या रसाची हे केजने सांगितलेलं नाही. ‘सोनाटा पाचवी – हास्य’ असं छापलं तर ती तुमची कल्पना होईल, त्याची नव्हे. आपल्याला नवरसांची नावं तोंडपाठ असतात, म्हणून हा मोह आपल्यालाच जास्त होतो.

पूर्वार्धासाठी, दुसरा साधा पियानो असेल तर, १९४८ची ‘इन अ लँडस्केप’ घ्या. दोन्ही पेडलं सबंध वेळ दाबून ठेवायची, सुरांचे थर एकमेकांत मिसळत जातात. केज म्हणजे फक्त गोंगाट असं समजून आलेला श्रोता इथेच सैलावतो. त्यानंतर त्याच वर्षाची ‘स्वीट फॉर टॉय पियानो’. तिला अवघे नऊ पांढरे स्वर लागतात. खेळण्यातला पियानो आणण्याआधी छापील प्रतीतले नऊही स्वर त्यात आहेत का ते तपासा. या पियानोच्या यंत्रणेची खटखट मोठी असते, म्हणून मायक्रोफोन खालून नव्हे, वरून लावा.

आणि ‘४ मिनिटं ३३ सेकंद’, म्हणजे जिच्यात वादक एकही सूर वाजवत नाही ती रचना? जरूर ठेवा, पण विनोद म्हणून नको आणि शेवटीही नको. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉकच्या मॅव्हरिक सभागृहात पियानोवादक डेव्हिड ट्यूडरने ती पहिल्यांदा सादर केली, तेव्हाही तिच्यानंतर कॉवेलची ‘द बॅन्शी’ होती. रचनेचे तीन भाग आहेत. ट्यूडर प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पट्ट्यांवरचं झाकण बंद करायचा, शेवटी उघडायचा आणि स्टॉपवॉच बघत पानं उलटायचा. ते सभागृह मागून रानाकडे उघडं होतं, त्यामुळे ऐकायला वारा आणि पाऊस होता. तुमच्या बंद सभागृहात एसी चालू असेल तर श्रोत्यांना फक्त एसी ऐकू येईल. तो दहा मिनिटं आधी बंद करा, शक्य असेल तर एखादं दार उघडं ठेवा. आधी भाषण देऊन समजावू नका. वादकाने स्थिर बसावं, अभिनय करू नये. पूर्वार्धाच्या अखेरीस ही ठेवली तर मध्यंतरात लोक कान उघडे ठेवून बाहेर पडतात, आणि परत आल्यावर ‘सोनाटाज’मधले मंद, अर्धवट विझणारे स्वर त्यांना पुरेपूर ऐकू येतात.

कारण तयार पियानोचा आवाज लहान असतो. मारो अजेमियन या वादिकेने जानेवारी १९४९मध्ये ‘सोनाटाज’ न्यूयॉर्कला वाजवल्या त्या कार्नेगी हॉलच्या छोट्या सभागृहात. आज तिथे २६८ खुर्च्या आहेत. तुमच्या कॉलेजमध्ये मोठं आणि छोटं अशी दोन सभागृहं असतील तर छोटं घ्या आणि तिकिटं संपू द्या. मोठंच मिळत असेल तर खुर्च्या मंचावरच, पियानोभोवती अर्धवर्तुळात मांडा. ध्वनिवर्धक लावू नका. त्याने रबराचे स्वर फुगतात, बोल्टचे टोचतात आणि त्यांच्यातला तोल, जो तुम्ही तीन तास वाकून साधलात, तो जातो.

कार्यक्रम संपल्यावर लोकांना पियानोत डोकावू द्या, पण दोरी बांधून. मग त्याच रात्री वस्तू काढा: उजवं पेडल दाबून, पाचरीने फट रुंदावून, बोल्ट सरळ वर उचलून, खाली शेजारच्या तारांवर मऊ फडकं पसरून. मोजणी जुळली नाही तर झाकण लावू नका, हरवलेली वस्तू पियानोतच आहे. तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूनरला बोलवा.